वही तिशीतच उघडावी लागेल

ज्यांना आपण 'विशेष मुलं' म्हणतो, त्यांतली पुष्कळ जण आता पन्नाशीला आली आहेत. शाळा सुटून तीस वर्षं झाली, केस पिकले, दात पडले, तरी घरात, संस्थेत, शेजारीपाजारी त्यांचा उल्लेख 'मुलगा', 'मुलगी' असाच होतो. त्यामागे माया आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण त्या शब्दाखाली एक मोठी गोष्ट झाकली गेली आहे. मुलांना म्हातारपण येत नाही आणि म्हातारपणाचे आजारही होत नाहीत, असं आपण नकळत धरून चालतो. म्हणून वीस वर्षं कार्यशाळेत सफाईने पाकिटं चिकटवणारा माणूस अचानक डिंकाची वाटी समोर घेऊन नुसता बसून राहू लागला, किंवा रोज स्वतः वेणी घालणारी बाई कंगवा हातात धरून गोंधळू लागली, की आपल्या तोंडी मुलांसाठीचेच शब्द येतात: हट्ट, नखरे, आळस, लाडावलंय जरा. तो स्मृतिभ्रंश असू शकतो हे मनात यायला महिने जातात, कित्येकदा वर्षं जातात. या माणसांचा स्मृतिभ्रंश ओळखायचा आणि सांभाळायचा असेल, तर त्यांचं मोजमाप इतरांशी करून भागत नाही. ते त्यांच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी करावं लागतं. आणि तो कालचा दिवस कुणीतरी तिशी-पस्तिशीतच, सगळं ठीक चाललेलं असताना, लिहून ठेवलेला असावा लागतो. आपण तो लिहीत नाही. काळजी कुठे कमी पडते याचा शोध मला या एका चुकीपासून सुरू करावासा वाटतो.

बौद्धिक अक्षमतेची कारणं अनेक आहेत, पण स्मृतिभ्रंशाच्या दृष्टीने डाउन सिंड्रोमचा विचार आधी करायला हवा, कारण तिथे या दोन स्थितींचं नातं गुणसूत्रातच बांधलेलं आहे. जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश डॉक्टरांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८७६ मध्ये, फ्रेझर आणि मिचेल या स्कॉटलंडच्या डॉक्टरांनी अशा व्यक्तींना अकाली वार्धक्य येतं, अशी नोंद केली. म्हणजे निरीक्षण दीडशे वर्षांचं जुनं आहे. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेझ्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात हे दाखवलं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं बीटा-अमायलॉइड ज्या प्रथिनापासून तुटून निघतं, त्या प्रथिनाचं जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याला एपीपी म्हणतात. तीन प्रती असल्या की हे प्रथिन जन्मापासूनच जास्त बनत राहतं, आणि चाळिशी गाठेपर्यंत जवळपास प्रत्येक डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा उमटलेल्या असतात. हे नुसतं अनुमान नाही. दोन्ही बाजूंनी त्याचा पडताळा आला आहे. फ्रान्समधल्या काही कुटुंबांत डाउन सिंड्रोम नाही, फक्त या एका जनुकाची जास्तीची प्रत आहे. त्यांना अल्झायमर लवकर गाठतो, असं २००६ मध्ये दिसलं. उलट, १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये ७८ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद झाली. तिला डाउन सिंड्रोम होता, पण तिच्या एकविसाव्या गुणसूत्राचा काही भागच तिप्पट झालेला होता आणि एपीपी जनुकाच्या मात्र दोनच प्रती होत्या. तिला अल्झायमर झालेला नव्हता. एवढी स्वच्छ साक्ष वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळते.

मग इतकी वर्षं हा प्रश्न दिसला का नाही? कारण म्हातारं व्हायला ही माणसं उरतच नव्हती. पाश्चात्त्य देशांत १९२९ च्या सुमाराला डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य नऊ वर्षांचं होतं. अमेरिकेतल्या मृत्युनोंदींनुसार मृत्यूचं मध्यवर्ती वय १९८३ मध्ये २५ होतं आणि १९९७ मध्ये ते ४९ झालं. अवघ्या चौदा वर्षांत जवळपास दुप्पट! प्रतिजैविकं आली, जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मोठाल्या कोंडवाड्यांसारख्या संस्था बंद होऊन माणसं घरांत आणि लहान निवासांत राहू लागली. आता हे वय साठीच्या आसपास पोचलं आहे. हा माणसाच्या प्रयत्नांचा विजय आहे आणि त्याच विजयाच्या पोटी हा नवा प्रश्न आला आहे. आयर्लंडमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या ७७ स्त्रियांचा सलग वीस वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त स्त्रियांना त्या काळात स्मृतिभ्रंश झाला आणि निदानाचं सरासरी वय होतं ५५. ज्यांच्या बौद्धिक अक्षमतेचं कारण डाउन सिंड्रोम नाही त्यांनाही हा धोका सर्वसाधारण वृद्धांच्या सुमारे दुप्पट-तिप्पट असल्याचं ब्रिटनमधल्या अभ्यासांत आढळलं आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांची नोंद बौद्धिक अक्षमतेखाली झाली. आणि देशातल्या स्मृतिभ्रंशाचा जो आकडा आपण हल्ली वारंवार ऐकतो, ८८ लाख, तो साठी ओलांडलेल्यांचा आहे. पंचावन्नाव्या वर्षी हरवू लागलेला माणूस त्या मोजणीच्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

इथे एका ऋणाचाही उल्लेख करायला हवा. अल्झायमरवरचं आजचं बरंचसं संशोधन अमायलॉइडच्या सिद्धान्ताभोवती उभं आहे. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग या शास्त्रज्ञांनी अल्झायमरच्या मेंदूतून आणि डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतून तेच प्रथिन वेगळं काढलं, आणि याचं मूळ एकविसाव्या गुणसूत्रावर शोधा असं सुचवलं. तीन वर्षांत ते जनुक तिथेच सापडलं. म्हणजे या माणसांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंनी साऱ्या जगाला वाट दाखवली. पण त्या वाटेवरून जी औषधं आली, त्यांच्या चाचण्यांत या माणसांना जागा मिळाली नाही. लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तिच्या आधारभूत चाचणीतही डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती नव्हत्या. त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइडचा थर जास्त असतो आणि रक्तस्रावाचा धोका त्यामुळे वाढू शकतो, हे सावध राहण्याचं खरं कारण आहे. पण म्हणूनच वेगळी, काळजीपूर्वक चाचणी हवी होती. ज्यांच्याकडून शिकलो त्यांनाच शेवटी रांगेत उभं करायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

आता निदानाकडे येऊ, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. स्मृतिभ्रंशाची प्राथमिक तपासणी म्हणून जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी आज तारीख काय, शंभरातून सात-सात वजा करत जा, हे वाक्य लिहा, ही आकृती पाहून काढा, असलं काही विचारते. ज्याला आयुष्यात कधीच वजाबाकी आली नाही, तो पंचविशीत, ऐन भरातही, या चाचणीत नापास होईल. मग पंचावन्नाव्या वर्षी मिळालेल्या सात गुणांवरून काय कळणार? आधी वीस होते की आठच होते? चाचणी माणसाप्रमाणे बदलता येते, हे आपल्या देशाने पूर्वीच दाखवलं आहे. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी याच चाचणीची हिंदी आवृत्ती तयार करण्यात आली. अक्षरओळख नसण्याला विस्मरण समजू नये, हाच त्यामागचा विचार होता. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जावं लागतं, कारण इथे माणसामाणसांत इतका फरक असतो की सगळ्यांसाठी एक सरासरी काढणंच व्यर्थ आहे. कुणी बसचा नंबर ओळखून एकटं ये-जा करतं, कुणाला बुटाची नाडी बांधता येत नाही पण नात्यातल्या साठ जणांचे वाढदिवस पाठ असतात. दोघांचंही काही हरवू शकतं, फक्त दोघांचं हरवणं वेगळ्या ठिकाणी दिसेल. शिवाय डाउन सिंड्रोममध्ये सुरुवात विस्मरणाने होईलच असं नसतं. कित्येकदा आधी स्वभाव बदलतो; बोलका माणूस गप्प होतो, कामाचा क्रम चुकतो, पायरी उतरायला भीती वाटू लागते. उतारवयात पहिल्यांदाच फिट येणं हीही एक खूण असते. १९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की समोरच्याला बौद्धिक अक्षमता आहे एवढं कळलं की तज्ज्ञांनाही त्याची इतर दुखणी दिसेनाशी होतात. सगळं काही त्या एका शिक्क्याच्या सावलीत जातं. 'तो तसाच आहे' हे आपल्याकडचं वाक्य म्हणजे ती सावलीच. तो तसा नव्हता, हे सांगणारा कागद कुणाकडे नसतो.

कागद तसे पुष्कळ असतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असतं, विशिष्ट ओळखपत्र असतं. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बौद्धिक अक्षमतेचं मूल्यमापन पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी करायचं आणि अठराव्या वर्षी दिलेलं प्रमाणपत्र आजन्म धरायचं, अशी रीत ठरली. सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. पालकांना दर वर्षी खेटे घालायला लागू नयेत म्हणून हे आजन्म प्रमाणपत्र आवश्यकच आहे. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण ही मोजणी कशाची आहे ते पाहावं. हा माणूस इतरांपासून किती दूर आहे, एवढंच ती सांगते. तो स्वतःपासून किती दूर गेला, हे विचारायची सोय तिच्यात नाही, आणि अठराव्या वर्षानंतर तर कुणी विचारतही नाही. कायद्यांच्या रचनेतही अशीच फट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकार मानले, त्यांत बौद्धिक अक्षमता आहे पण स्मृतिभ्रंशाचं नाव स्वतंत्रपणे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ची व्याख्या स्मृती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाला सामावून घेते, पण बौद्धिक अक्षमतेला ती स्पष्टपणे वगळते. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलती साठीला सुरू होतात. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं म्हातारपण पन्नाशीला सुरू होऊन साठीच्या सुमाराला संपतं. तो कायद्याच्या लेखी कधी ज्येष्ठ होतच नाही.

म्हणून म्हणतो की वही तिशीतच उघडावी लागेल. डाउन सिंड्रोम असलेल्यांची सविस्तर मूलनोंद तरुणपणीच करून ठेवावी, असं ब्रिटनमधल्या तज्ज्ञांचं सांगणं गेली अनेक वर्षं आहे. अमेरिकेत बौद्धिक अक्षमता आणि स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या राष्ट्रीय गटाने काळजी घेणाऱ्यांनीच भरायचा एक नोंदतक्ता तयार केला असून चाळिशीपासून दर वर्षी तो भरावा असं ते सुचवतात. त्या तक्त्याने निदान होत नाही. बदल कुठे झाला ते दिसतं आणि डॉक्टरांशी बोलायला आधार मिळतो. त्याचा सगळ्यात मोठा गुण हा की तो भरायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही, ओळख लागते. आपल्या घरांसाठी अशी नोंद करायची तर प्रश्नही आपल्या घरांतले हवेत. चहा गाळता येतो का? कुकरच्या शिट्या मोजता येतात का? पायजम्याची नाडी, साडीपिन, चपलेचा डावा-उजवा पाय? आरतीतला कुठला भाग पाठ आहे? सिरियलमधल्या कुणाचं काय झालं ते सांगता येतं का? दहाची नोट आणि शंभराची नोट वेगळी ओळखतो का? घरात नवा पाहुणा आला तर नाव किती वेळ लक्षात राहतं? चालताना पाऊल कसं पडतं? याच्या जोडीला दर वर्षी एक-दोन मिनिटांचं मोबाइलवरचं चित्रण: तोच माणूस, तेच काम, तीच भाजी निवडणं किंवा तीच घडी घालणं. लिहिलेल्या शब्दांत न येणाऱ्या गोष्टी, हाताची गती, नजरेतली ओळख, शब्द सापडायला लागणारा वेळ, त्यात उतरतात. डोळे, कान आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांचे निकालही त्याच वहीत चिकटवलेले असावेत. कारण पुढे लिहितो.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येईल: आईला सगळं माहीत असतं, तिला वही कशाला? आईला माहीत असतं, हे अक्षरशः खरं आहे. अशा घरांत आई म्हणजे चालताबोलता दप्तरखाना असते. पण त्या ज्ञानाला तीन मर्यादा आहेत. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. चार वर्षांनी आलेल्या मामाला तो पहिल्या तासात दिसतो. दुसरं, आई नकळत उणीव भरून काढते. बटण लागेनासं झालं की ती लावून देते, घास अडखळला की भात आणखी मऊ करते, आणि हे सगळं इतक्या सवयीने की काही कमी झालं हेच तिच्या मनावर नोंदलं जात नाही. तिसरी मर्यादा सर्वांत कठोर. मुलाच्या पंचावन्नाव्या वर्षी आई ऐंशीच्या घरात असते, किंवा नसते. ती गेली की त्याची काळजी घेणारं माणूस जातं आणि त्याच दिवशी त्याच्याबद्दलची एकमेव साक्षही जाते. 'आमच्यानंतर याचं काय?' हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत विचारला जातो. आपण त्याचं उत्तर पैशांत, जागेत, कायदेशीर पालकत्वात शोधतो आणि ते शोधलंच पाहिजे. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. पण पालकत्व सोपवताना बँकेचं पासबुक सोपवलं जातं, तसा या माणसाचा वृत्तान्त सोपवला जात नाही. ज्या भावाच्या किंवा संस्थेच्या हाती तो जातो, त्यांना तो पहिल्या दिवसापासून जसा दिसतो तसाच तो कायम होता असं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आजार बरा होत नाही, औषध नाही, मग आधी कळून करायचं काय? औषधांबद्दलचं सत्य आधी मान्य करतो. अल्झायमरमध्ये सर्रास दिली जाणारी मेमँटिन ही गोळी चाळिशीपुढच्या डाउन सिंड्रोम असलेल्यांना देऊन ब्रिटन आणि नॉर्वेमध्ये चाचणी झाली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला की तिचा उपयोग दिसला नाही. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. पण लवकर पाहण्याचा पहिला फायदा अल्झायमर सापडण्यात नाहीच. अल्झायमर नसलेलं सापडण्यात आहे. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि मंद थायरॉइडचा माणूस सुस्त, विसराळू, उदास दिसतो. मोतीबिंदू लवकर येतो. ज्याला पायरी दिसत नाही तो पायरीला घाबरतो. कान हळूहळू जातात. ज्याला हाक ऐकू येत नाही तो 'ओ देत नाही' म्हणून बोलणी खातो. झोपेत श्वास अडकतो आणि दिवस पेंगण्यात जातो. मानेचे मणके सैल असल्याने मज्जारज्जूवर दाब येऊन चाल बिघडू शकते. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता आहेच. बद्धकोष्ठ किंवा किडका दात सांगता न आल्यामुळे माणूस चिडचिडा होतो. यांतलं बहुतेक बरं होणारं किंवा निदान आटोक्यात येणारं आहे. ज्याला 'आता हे असंच चालायचं' म्हणून सोडून दिलं, त्याला फक्त चष्मा आणि थायरॉइडची गोळी हवी असेल, तर त्याचा अपराध कुणाच्या माथी? आणि हे सगळं तपासूनही निदान अल्झायमरचंच झालं, तरी करण्यासारखं खूप उरतं. चिडचिडीला शिक्षा होत नाही. गप्प करण्यासाठी झोपेची आणि मनोविकाराची जड औषधं दिली जात नाहीत. कार्यशाळेतून काढून टाकण्याऐवजी काम सोपं केलं जातं. गिळायला त्रास होऊ लागल्याचं वेळेवर लक्षात आलं, तर घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया काही वेळा टाळता येतो, आणि या माणसांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. फिट आली तर घर हबकून जात नाही. सर्वांत मोठी गोष्ट, काळजी घेणारी व्यक्ती स्वतःला दोष देणं थांबवते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. ज्याच्यावर जन्मापासून एक शिक्का आहे त्याच्यावर तिशीत दुसऱ्या आजाराची सावली कशाला पाडायची? पालकांना वीस वर्षं आधीच धास्ती का द्यायची? आणि एकदा 'याला अल्झायमर होणारच' हे डोक्यात बसलं की प्रत्येक बदलाला तेच नाव दिलं जाईल. हा धोका खरा आहे. पूर्वी सगळं मतिमंदत्वाच्या खात्यात जायचं, आता सगळं स्मृतिभ्रंशाच्या खात्यात जाईल. दुःखाच्या बाबतीत तर ही चूक फार सहज होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचे वडील जातात तेव्हा पुष्कळदा त्याला शेजारच्या घरी पाठवलं जातं. 'त्याला काय कळणार' म्हणून नीट सांगितलंही जात नाही. पाठोपाठ घर बदलतं, किंवा तो संस्थेत जातो. दोन महिन्यांनी तो जेवत नाही, रात्री फिरतो, कपडे ओले करतो. हा शोक आहे की विकार? लक्षणांवरून सांगता येत नाही. पण बदल कधी सुरू झाला, हे तारखेसह लिहिलेलं असेल तर सांगता येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वडील जाण्याच्या वर्षभर आधीच नाडी बांधता येईनाशी झाली होती की नंतर, यावर सगळं ठरतं. म्हणजे ज्या सावलीची भीती या आक्षेपात आहे तिच्यावरचा उपायही तीच वही आहे, फक्त ती आजाराची वही म्हणून उघडायची नाही. ती त्या माणसाची वही हवी. त्याला काय येतं, काय आवडतं, कशाने हसू येतं, याने तिची सुरुवात व्हावी. पालकांना किती आणि कधी सांगायचं याचं तारतम्य डॉक्टरांनी राखावं, हे मान्य. पण धोका दडवून ठेवल्याने धास्ती टळते असं मात्र मला वाटत नाही. ती फक्त पुढे ढकलली जाते आणि तेव्हा पालक जास्त थकलेले असतात.

खर्चाचा आणि मनुष्यबळाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. लहान मुलांसाठीच पुरेसे विशेष शिक्षक नाहीत, तिथे म्हाताऱ्यांचं कुठे काढता, असं म्हटलं जाईल. पण मूलनोंदीला लागतं ते वर्षातून दोन तास आणि एक शंभर पानी वही. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील या मुलीच्या आईवडिलांनी तिच्यासाठी शाळा सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्रात पालकांनी उभ्या केलेल्या संस्थांची मोठी परंपरा आहे. बहुतेक संस्थांत दर वर्षी प्रगतिपुस्तक भरलं जातंच. ते अठराव्या वर्षी बंद होतं, ते बंद करू नये, एवढीच पहिली मागणी आहे. त्यापुढचा खर्च मात्र खरा आहे. रात्री जागणारं माणूस, दोघांनी मिळून उचलून आंघोळ घालण्याची वेळ, पलंग, डायपर, हे वहीने भागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ३८ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी वेगळ्या मूल्यमापनाची तरतूद आहे. स्मृतिभ्रंशाने गरज वाढली की त्या कलमाखाली पुन्हा मूल्यमापन मागता यायला हवं, आणि ते मागायलाही आधीची नोंदच पुरावा म्हणून लागेल.

मग राहायचं कुठे? स्मृतिभ्रंश झाला की तीन वाटा असतात: आहे तिथेच वाढती मदत देत ठेवणं, त्याच संस्थेत या आजारासाठी वेगळं घर करणं, किंवा बाहेर शुश्रूषागृहात पाठवणं. आयर्लंडमध्ये आणि ब्रिटनमध्ये तिन्ही वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. तिसरीकडे जायची वेळ शक्यतो येऊ देऊ नये असं माझं मत आहे. सर्वसाधारण वृद्धाश्रमात पंच्याऐंशीच्या लोकांमध्ये पंचावन्नाचा हा माणूस एकटा पडतो; तिथल्या कर्मचाऱ्यांना स्मृतिभ्रंश ठाऊक असतो, हा माणूस ठाऊक नसतो. उलट त्याच्या जुन्या संस्थेतल्या ताई-मावशींना हा माणूस ठाऊक असतो, स्मृतिभ्रंश ठाऊक नसतो. यांपैकी दुसरं अज्ञान दूर करणं कितीतरी सोपं आहे. मात्र 'आहे तिथेच' हे धोरण सोबत राहणाऱ्यांच्या जिवावर चालवता कामा नये. एकाच खोलीत वीस वर्षं राहिलेला मित्र रात्री ओरडतो, आपली वस्तू उचलतो, आपल्याला ओळखत नाही, याने दुसऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल? त्यांना काही समजावून सांगितलं जात नाही. फार तर 'त्याला त्रास देऊ नको' एवढं सांगतात. आजारी माणसाला तर मुळीच सांगत नाहीत. स्कॉटलंडमध्ये कॅरेन वॉचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जेनीज डायरी' नावाची छोटी चित्रपुस्तिका याचसाठी केली: स्मृतिभ्रंश झालेल्या बौद्धिक अक्षम व्यक्तीशी, आणि तिच्या सोबत्यांशी, त्याबद्दल साध्या शब्दांत कसं बोलावं यासाठी. सोप्या चित्रांतून, साध्या मराठीतून असं बोलायला आपल्याला काहीच अडचण नाही. 'तुझी चूक नाही. डोक्याला एक आजार झालाय. काही गोष्टी विसरायला होतील, तेव्हा आम्ही मदत करू.' एवढी वाक्यं ज्याच्याबद्दल आहेत त्याला ती ऐकण्याचा अधिकार आहे. त्याला ती पूर्ण कळली नाहीत, तरी आवाजातला राग गेलेला त्याला नक्की कळतो.

शेवटच्या टप्प्यात वहीचा उपयोग बदलतो. आता तपासायचं काही उरलेलं नसतं. ज्या हातांनी त्याला वाढवलं ते हात नसतात. घास भरवणारी मावशी सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली असते. संध्याकाळी दिवे लागले की तो दाराशी जातो आणि विचारतो, आई कधी येणार? आई गेली, असं सांगितलं तर तो दर संध्याकाळी नव्याने रडेल, कारण कालचं रडणं त्याला आठवत नाही. येईल हं, असं सांगितलं तर तो रात्रभर दार सोडणार नाही. कुठलं उत्तर बरोबर, यावर काळजी घेणाऱ्यांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत, आणि मलाही सगळ्यांसाठी लागू पडेल असं एक उत्तर देता येत नाही. पण आई संध्याकाळी त्याला काय म्हणायची, पाय धुवायला लावायची की आधी चहा द्यायची, कुठली शुभंकरोती कुठल्या चालीत म्हणायची, ताटात वरण भाताच्या उजवीकडे वाढायची की वरून, आणि झोपताना त्याच्या कपाळावर हात ठेवायची की पाठीवर, हे तिने स्वतःच्या अक्षरात वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं असेल, तर त्या मावशीला दाराशी जाऊन त्याला आत आणता येईल.